सरकी वाजली की जबडा?

जिनिंग फॅक्टरीत नोकरी केली की कपड्यांना कापूस चिकटतो आणि माणसाला किस्से. कापूस निदान झटकता तरी येतो. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा अकोल्याच्या एका जिनात मी काट्यावर कारकून होतो. तिथले दादारावच्या जबड्याचे किस्से मी सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. घडत होते तेव्हा मला मात्र हसू येत नव्हतं, कारण मी स्वभावानंच भित्रा.

दादाराव आमचा पारखी. गाडी आली की तो मूठभर कापूस ओढायचा आणि त्यातली सरकी दाढेखाली फोडायचा. कट् वाजली तर माल कोरडा, नुसती चेपली तर ओला. त्याच्या शब्दावर शेठजी भाव ठरवायचे आणि मी काटा लावायचो. थोडक्यात, दादारावच्या दाढेवर त्याचं घर चालायचं आणि थोडंफार माझंही.

*

एका दुपारी भाकर खाताना त्याच्या तोंडातून कट् कट् ऐकू येऊ लागलं.

"जेवतानी बी सरकी फोडून राहिला का गा?" मी विचारलं.

"नाई ना. कानापाशी वाजून राहिलं. सकाळी उठलो का जबडा दुखते बी."

त्या दिवसापासून मी घरी आरशासमोर तोंड उघडून स्वतःचा जबडा ऐकू लागलो. बायको म्हणाली, "आरशाले कायले वाकुल्या दाखवून राहिले?"

*

दादारावची बायको सरूबाई एकदा त्याचा डबा घेऊन आली.

"भाऊजी, रातभर करकर आयकून मी खाटेखाली उंदराचा पिंजरा लावला, बाप्पा. सकाळी पाह्यलं तं पिंजरा रिकामा. उंदीर कायचा, हेच झोपेत दात खाऊन राहिले होते!"

आम्ही सगळे हसलो. मग ती हळूच म्हणाली, "यायले काई होणार तं नाई ना? दोन पोरी हायेत लग्नाच्या."

मी "नाई, नाई" म्हणालो. मला काय कप्पाळ माहीत होतं!

*

दुखणं एक आणि वैद्य गावभर. कुणी कानात कोमट तेल घालायला सांगितलं, ते घालून झालं. मग दादाराव कुणाला न सांगता बार्शीटाकळीच्या बाजारात गेला. तिथे चिमट्यानं दाढा उपटणारा एक जण बसायचा. त्यानं दाढ उपटली, उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "दाढ तं चांगली निघाली."

"मंग काढली काहून?" दादाराव तोंड धरून म्हणाला.

"तुमीच येऊन बसले समोर."

दाढ गेली, दुखणं तसंच राहिलं. अमरावतीला दातांचे शिकलेले डॉक्टर आहेत, तिकडे जाऊ, असं मी म्हणायचो. तो ऐकेना. "त्यानं अजून एक काढली तं मी पारखी कायचा?"

*

मग तेल्हाऱ्याहून कापसाची एक गाडी आली. दादारावनं सरकी चावली. कट्. "कोरडा," तो म्हणाला आणि मी काटा लावला.

दुसऱ्या दिवशी त्या कापसाच्या ढिगात हात घातला तर आत ऊब. माल ओला होता आणि तापत चालला होता. शेठजींनी त्याच ढिगातली सरकी दादारावला सगळ्यांसमोर चावायला लावली. पुन्हा कट् वाजलं. शेठजी म्हणाले, "काढ बाहेर." त्यानं ती तळहातावर काढली. सरकी नुसती चेपली होती, फुटलीच नव्हती. वाजला होता त्याचा जबडा.

"दिवाळीपर्यंत पाहतो," शेठजी म्हणाले, "नाहीतर दुसरा पारखी आणतो."

दादारावचा चेहरा मला बघवेना.

*

त्याच आठवड्यात एका सकाळी त्याचं तोंड बोटभराच्या वर उघडेना. घास जाईना. मी त्याला ओढतच स्टेशनवर नेलं. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला पोचलो.

डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या तो मिटल्या दातांतून म्हणाला, "दाढ काढू नका." मग सरकीपासून बाजारातल्या दाढेपर्यंत सगळं मीच सांगितलं.

डॉक्टरांनी दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली. "हळूहळू उघडा. आता मिटा." बराच वेळ चाचपून म्हणाले, "दाढांचा दोष नाही. इथला सांधा दुखावला आहे. गरम शेक द्या, मऊ खिचडी खा, सुपारी बंद. नुसतं वाजतं, दुखत नाही, तर घाबरायचं कारण नाही. पण दुखणं हटेना, तोंड पुरतं उघडेना किंवा अडकलं, तर लगेच यायचं. बाजारात जायचं नाही."

दादारावच्या जिवात जीव आला. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आणि ती सरकी चावणं कायमचं बंद."

परतीच्या गाडीत मी अकोल्यापर्यंत सरूबाईला काय सांगायचं ते जुळवत बसलो.

*

दिवाळी तोंडावर आली. दादारावचं तोंड आता पुरतं उघडत होतं, पण सरकी तो तोंडात घालत नव्हता. एका सकाळी कापसाची गाडी उभी असताना शेठजींनी त्याला बोलावलं.

"चावणार नाहीस, तर पारखणार कसा?"

"चावा तुमी," दादाराव म्हणाला. "आयकतो मी."

सगळं जिन थांबलं. शेठजींनी रागारागानं सरकी उचलून दाढेखाली धरली. दादारावनं त्यांच्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली, अगदी डॉक्टरांसारखी.

कट्. चांगलं मोठ्यानं. मलासुद्धा ऐकू आलं.

"कोरडा," शेठजी म्हणाले. मी काट्याकडे वळलो.

"थांब गा," दादाराव मला म्हणाला. मग बोटं न काढता शेठजींना म्हणाला, "माल ओला हाय, शेठजी. आन् तुमी उद्याच्या गाडीनं अमरावतीले जाऊन या."