त्रेसष्टाव्या पानावरचा नियम

नेमसिंग राठोडला कोणी देवाचा प्रसाद दिला तरी तो आधी उलटून पाहायचा. पुसदच्या एका जिनिंगमध्ये तो कापसाची प्रत ठरवायचा. गाडी आली की हात कोपरापर्यंत आत घालायचा, कारण वर पांढराशुभ्र माल आणि खाली किडकी, पिवळी कवडी ही रीत त्याला पाठ होती. त्यात ती वर्षं अशी, की कापसाला ना भाव ना भरवसा. प्रतवारीचे नियम हंगामागणिक बदलायचे आणि शिव्या खायचा नेमसिंग. नियम बदलला की कोणीतरी नागवला जातो, हे तो तिथंच शिकला होता.

असला माणूस दर रविवारी दुपारी हबीब पेंटरच्या दुकानात खेळायला जाई, हेच मुळात नवल. हबीब गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचा. त्याच्या पुण्याच्या मेव्हण्यानं कधीकाळी एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स दिली होती, आणि तिच्यावर हबीब, नेमसिंग आणि गोपाल किराणावाला असे तिघं दहा वर्षं खेळत होते. हबीब गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. आपण काय करतो ते ज्याचं त्यानं बोलायचं, ते जमलं की फसलं हे फासा ठरवायचा. गोपाल तलवारबहाद्दर होता. नेमसिंग होता लाखा, जंगलातला वाटाड्या. झेरॉक्समधली चित्रं इतकी काळवंडलेली, की राक्षस कोणता नि झाड कोणतं यावर भांडणं व्हायची. पण त्यामुळं राक्षस ज्याचा त्याचा होता आणि सगळे त्याला मनापासून भीत.

२००८च्या दिवाळीनंतर मेव्हण्यानं त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती पाठवली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. राक्षस असा, की कुणालाही वाटावं आत्ताच न्हाव्याकडून उठून आलाय. नेमसिंगनं चार पानं उलटली आणि तोंड वाकडं केलं.

"हे जंगलात फिरून राह्यले का लग्नात? एकाच्याही अंगाले घाम नाही. चित्रं चकचकीत केली म्हंजे आत नक्कीच काही काढून घेतलं हाये."

आणि काढलं होतंच. हबीबची मुलगी आरिफा शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन ताडून पाहिली. जुन्या झेरॉक्सच्या त्रेसष्टाव्या पानावर 'उसना श्वास' नावाचा नियम होता: मरणाऱ्या गड्याला सोबत्यानं आपली अर्धी ताकद दिली, तर तो उठतो. आठ वर्षांपूर्वी लाखा विहिरीत पडून मेलाच होता. गोपालच्या तलवारबहाद्दरानं ताकद दिली म्हणून तो वाचला. नव्या पुस्तकात हा नियमच नव्हता.

"मंग माहा लाखा?" नेमसिंग ओरडला. "आठ वर्षं जिता होता तो खोटा काय?"

हबीब ब्रश धूत राहिला. "जुनंच खेळू ना गड्या," एवढंच म्हणाला.

पण नेमसिंग गप्प बसणारा नव्हता. त्यानं आरिफाला सायबर कॅफेत नेलं. तिथं इंटरनेटवर जगभरचे खेळाडू या आवृत्तीवर तुटून पडलेले. कोणी म्हणे चित्रं पोरांच्या कार्टूनसारखी झाली, कोणी म्हणे नियमांचा पोरखेळ केला, एकानं तर पुस्तक जाळल्याचा फोटो टाकलेला. आरिफा वाचून दाखवत होती आणि नेमसिंगचा चेहरा खुलत होता. आपल्यासारखी संशयी माणसं साता समुद्रापार आहेत, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं. त्यानं तक्रार लिहवून घेतली: उसना श्वास काहून काढला?

पुढल्या आठवड्यात उत्तरं आली. कुठला उसना श्वास? असा नियम कधीच नव्हता. एकानं तर जुन्या छापील पुस्तकातलं त्रेसष्टाव्या पानाचा फोटोच टाकला होता. त्यावर घोड्यांच्या जातींचा तक्ता होता.

नेमसिंगला हबीब आठवला. जगाच्या मालात हात घालणाऱ्यानं या एका माणसाच्या मालात कधी बोटही घातलं नव्हतं. तो तडक दुकानात गेला.

"हबीब, ते पान कोणाचं?"

हबीबनं हातातली प्लेट खाली ठेवली. "माहं."

"आठ वर्षं मले फसवलं तूनं!"

"हो, फसवलं. झेरॉक्समधी त्रेसष्टावं पान पह्यलेपासूनच नव्हतं, त्या जागी माहं घातलं." हबीब त्याच्याकडं न पाहता बोलत होता. "बसंतीभाभीले मरून पंधरा दिवस झाले होते, तुहं घर रिकामं. तू आला, बोलला नाही, चहा पेला नाही. लाखा विहिरीत पडला आणि फासा एक पडला, म्हंजे मरणच. तुह्या तोंडाकडं पाह्यलं मी. आज यालेही मारलं तर हा पुन्हा येत नाही, असं वाटलं. म्हनलं, नियम हाये, पान घरी राह्यलं. रात्रभर बसून इंग्रजी जुळवलं, कोर्टाजवळच्या टायपिस्टकडून टाइप केलं अन् झेरॉक्स काढली."

नेमसिंग निघून गेला. दोन रविवार तो आला नाही. त्याला राग होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. बायको गेली तेव्हा आपण किती उघडे पडलो होतो, ते या माणसानं पाहिलं होतं आणि आठ वर्षं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. या लबाडीची प्रत कोणती लावायची, ते त्याला कळेना. नियम खोटा होता. पण त्या दिवसानंतरचे सगळे रविवार खरे होते, त्यातला एकही त्याला परत द्यायचा नव्हता.

तिसऱ्या रविवारी तो आरिफाच्या दारात उभा राहिला. "चाल बेटी, त्या लोकायले उत्तर द्याचं राह्यलं."

"काय लिहायचं, काका? माफी?"

"ते लिहीच. चूक माही होती, पुस्तकाची नाही." कॅफेतल्या खुर्चीवर तो सावरून बसला आणि एकेक शब्द तोलून सांगू लागला. "आता पुढं लिही. हा नियम आमच्या हबीबनं केला, पुसदचा. पूर्ण लिही, अर्ध्या ताकदीसकट. अन् खाली लिही, फासा पडल्यावर आधी समोरच्याचं तोंड पाहा. तो घरून कसा आला ते समजलं, तरच हा नियम वापरा."

आरिफाची बोटं थांबली. ते पान वडिलांनी का केलं, हे तिला माहीत नव्हतं.

"लिही," नेमसिंग म्हणाला. "कोणाले तरी लागन."