मुरमावरची आणि नाल्याकाठची

अमडापूरजवळ जांभळाची वाइन करणाऱ्या एका बाईंकडे मी दर महिन्याला रिकाम्या बाटल्या पोचवतो. त्यांची सासू शिरक्याच्या बरणीला कान लावायची, तशा या बाई वाइनच्या टाकीला कान लावून आतलं फसफसणं ऐकतात.

परवा बुलढाण्याचा एक हॉटेलवाला सगळा माल घ्यायला आला. दोन्ही टाक्या मिसळून एकच चव करा, म्हणाला.

"काऊन मिसळू, भाऊ? हे मुरमावरच्या झाडाची, हे नाल्याकाठची," म्हणत बाईंनी दोन पेले भरून ठेवले.

त्या पाणी आणायला वळताच त्यानं पेल्यांची अदलाबदल केली. बाई परतल्या, थबकल्या. त्यांनी दोन्ही पेले नुसते हुंगले आणि अदलून पुन्हा आपापल्या पहिल्या जागी ठेवले.



"दोन्ही घेतो, ताई," हॉटेलवाला हळूच म्हणाला, "पण मिसळू नका."