आत्याबाईंनी कान लावला

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, संधिवात तरुणपणीच जडला. बोटं वाकली, मनगटं सुजली, पण फुलंब्रीचं घर आणि दारातल्या शेळ्या त्यांनी सोडल्या नाहीत. आम्ही शहरातून दर रविवारी जायचो. अलीकडं त्या कशालाही "व्हय" म्हणायच्या. आम्हाला वाटलं, स्वभाव मऊ झाला.

मग बाजाराच्या दिवशी गावातल्या पुतण्यानं विचारलं, "काकू, दोन शेळ्या नेऊ का विकायला?" आत्याबाई "व्हय" म्हणाल्या. शेळ्या विकल्या गेल्या आणि आत्याबाई संध्याकाळभर शिवारात त्यांना हाका मारत फिरल्या. तेव्हा आम्हाला कळलं, त्यांना नीट ऐकूच येत नव्हतं.

यांनी निकाल दिला, "आता आई आपल्याकडंच राहील."

आत्याबाई आल्या, पण पिशवी काही उघडेनात. "मला माझ्या घरी जायचंय," एवढंच.

मी आधी कामं लिहून काढते, रडारड नंतर. कानाची तपासणी, सांध्याच्या डॉक्टरांची भेट, जुन्या गोळ्यांची पाकिटं सोबत. डॉक्टर म्हणाले, "हा आजार सांध्यांपुरताच राहतो असं नाही. काहींच्या कानावरही परिणाम होतो, कधी औषधांमुळंही ऐकू कमी येतं. वय झालं म्हणून सोडून देऊ नका."

दोन्ही कानांसाठी यंत्र घेतलं. बारीक सेल त्यांच्या बोटांना बदलता येणार नाहीत, म्हणून चार्जिंगचंच घेतलं. तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. यंत्र कानात बसवायला चिमूट लागते, आणि ती चिमूट त्यांच्या हातात उरलीच नव्हती.

"मी लावत जाईन की रोज," मी म्हणाले.

"अन् फुलंब्रीला काय तू रोज येणार हायेस?"

यांनीही बजावलं, "स्वतः लावता आलं तरच जायचं."

मी आरसा त्यांच्या उंचीला टांगला, यंत्रांच्या डबीच्या झाकणाला दोरीचा फासा बांधला, उजव्या यंत्रावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. रोज सकाळी त्या बसत. यंत्र घसरे, कानाची पाळी लाल होई. एकदा चिडून मी हात पुढं केला, तर त्यांनी माझं मनगट बाजूला सारलं.

"थांब गं. बांगड्या भरताना कासारीण काय म्हणती? हात ढिला सोड, जोर करू नको. या सुजल्या हातातबी तिनं कधी काच फुटू दिली नाय."

त्यांनी कोपर ओट्यावर टेकवलं. यंत्र दोन बोटांच्या पेरांमध्ये अलगद धरलं आणि हात तसाच ठेवून मान हळूहळू खाली आणली. जबडा जरासा हलवला. यंत्र बसलं. हात कानाकडं नेण्याऐवजी त्यांनी कानच हाताकडं नेला होता. माझ्या कागदावर हे कुठंच नव्हतं.

दुसऱ्या कानाला वेळ लागला, पण त्यातही यंत्र बसलं. पुढं आठवडाभर यांच्यासमोर रोज परीक्षा झाली. शेवटच्या दिवशी यांनी मागं उभं राहून हळू आवाजात विचारलं, "आई, चहा घेणार?"

"साखर कमी टाक," आत्याबाई मान न वळवता म्हणाल्या आणि पिशवी घेऊन उठल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांचा फोन आला.

"पुतण्या आला व्हता. बोकड नेऊ का म्हणत व्हता."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी सवयीनं ओरडूनच विचारलं.

"नाय म्हणलं. अन् तू आता वरडू नको, मला ऐकू येतंय."