सोमवारची मशाल

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पन आज घेते. धर्मपाल. दीक्षेच्या आधी श्रावण. मी आपली जयाचा बाप म्हनते. पन वामनराव पाटलानं काय केलं हे सांगायचं त दोन्ही नावं लागतात.

आमचं गाव मुकुटबनच्या अंगाले, टेकडीखाली. टेकडीत भुयार आहे. आत वाकून जावं लागते, मंग मोठी खोली, मंग चिंचोळी वाट, अन् सगळ्यात आत पान्याचा डोह अन् महादेवाची पिंड. दर शिवरातीले तिथं दिवा लागे, अन् तो आमच्याच घरच्या मशालीवर पेटला पाहिजे असा गावाचा दंडक. आधी सासरा मशाल घेऊन पुढं चाले, तो गेल्यावर हा चालू लागला. पिंडीपाशी यानं मशाल वाकवायची अन् पुजाऱ्यानं लांब काडीवर ज्योत घ्यायची. काडी लांब काहून? त आमचा हात लागू नये. आमची आग चाले, हात चालत नव्हता. गाव याले मशालीचा मान म्हने. कायचा मान, बाई! नारळाचा एक तुकडा अन् वरून "दूर सरक".

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, अन् यानं भर वस्तीत सांगितलं की देवाची मशाल आता धरनार नाही. आमच्या वस्तीतले वडीलधारे मारोतीबाबा, त्यांच्यापुढं शब्द दिला. त्याच भरवशावर बाकीच्यांनी मेलेली ढोरं ओढनं सोडलं, गावकीची कामं सोडली. गाव चिडलं. त्यानंतरच्या शिवराती बिनदिव्याच्या गेल्या. मंग कपाशीवर कीड पडली ती आमच्यामुळं, पाटलाची म्हैस आटली तीही आमच्यामुळं.

वामनराव तेवढा वेगळा वाटे. पाटलाचा पोरगा, जयाच्या बापाच्या बरोबरीचा. लहानपनी दोघं चोरून भुयारात जात. अख्ख्या गावात याले "धर्मपाल" म्हनून हाक मारनारा तो एकटा. याले त्याचं भारी कौतुक. मी म्हने, पाटील आहे, जरा जपून राहा. त हा मलेच हसे.

मंग एका साली माघात वामनराव आमच्या अंगनात आला. वणीच्या शाळेची सहल येनार होती, मास्तरले अन् पोरांले भुयार दाखवायचं होतं. देवाधर्माचं काही नाही, नुसते दगड पाहाचे, म्हने. तुझ्याएवढी वाट कोनाले ठाऊक? अन् कंदील कायले, तुही मशाल आहे नं. जयाचा बाप लगेच तयार झाला. मीही हटून बसली की मले यायचं. आमच्या बायकांनी ते भुयार कधी आतून पाहिलंच नव्हतं.

आता आमची चूक सांगते. दीक्षेनंतर आम्ही उपास सोडले, वार पाहनं सोडलं. सोमवार आला काय अन् गेला काय. शिवरातीचा दिवा चुकला त मंग कोनत्याही सोमवारी लावलेला चालते, हे लहानपनापासून ऐकलेलं. पन सहल सोमवारीच ठेवली आहे, हे आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नाही.

भुयारात जयाचा बाप असा काही खुलला की मी पाहतच राह्यली. एरवी तिथं मान खाली घालून मुकाट चालनारा मानूस. आज पोरांले छताले लोंबलेले दगड दाखवून राह्यला, पानी ठिपकून ठिपकून ते कसे वाढतात ते सांगून राह्यला. वटवाघळं उडाली त पोरं खाली बसली, हा हसला. मास्तर त्याले "अहो धर्मपाल" म्हने. माहं ऊर भरून आलं, खोटं कायले सांगू?

डोहापाशी आलो. वामनराव म्हनला, मशाल जरा खाली घे, पोरांले पान्याचा तळ दिसू दे. यानं वाकवली. तेवढ्यात वामनरावानं हातातल्या मिटल्या छत्रीच्या आतून लांब काडी काढली, ज्योत घेतली अन् पिंडीजवळच्या कोनाड्यातला दिवा लावला. तेलवात आधीच भरून ठेवलती. मंग त्यानं हात जोडले.

जयाचा बाप म्हनला, "वामनराव, तू मले देवाच्या कामाले आनलं?"

"दिवाच त आहे गड्या," तो म्हनला. "गावाचं समाधान होते. तुहं काय गेलं?"

यानं मशाल डोहात बुडवली. छर्र झालं अन् अंधार. तो दिवा कोनाड्यापुरताच. लागला की हलवायचा नाही, असा त्यांचाच नेम. पोरं रडाले लागली. मले वाटलं, राहू दे लेकाचे इथंच. पन याच्यानं ते होत नाही. एक हात भिंतीले लावून हा पुढं निघाला, मी याच्या सदऱ्याले धरलं. मागून वामनरावाचा आवाज आला, "धर्मपाल, हात दे रे."

यानं दिला. वामनरावामागं मास्तर, त्याच्यामागं पोरं, अशी हाताले हात धरून सगळी रांग निघाली. घसरलं की वामनराव दोन्ही हातांनी याचा हात धरे. सांभाळ, सांभाळ, म्हने. मंग तोंडाशी उजेड दिसला. मी मागं वळून पाहिलं, त वामनरावानं हात सोडून दिलता अन् धोतराले पुसून राह्यला होता.

बाहेर अख्खं गाव उभं. ताशेवाले बोलावून ठेवलेले. ताशा ऐकून आमच्या वस्तीतली मानसंही आलती, मारोतीबाबा काठी टेकत पुढं. वामनराव दगडावर चढला अन् मोठ्यानं म्हनला, "दिवा लागला! श्रावणानं आपला मान राखला!"

श्रावणानं. धर्मपाल नाही.

जयाचा बाप त्याच्यापुढं गेला. "आत काय झालं ते खरं सांग. माह्या मानसांसमोर सांग."

वामनरावानं गर्दीकडं पाहिलं. मंग हळूच म्हनला, "श्रावण, लोकं आहेत. जरा दूर उभा राह्य."

मास्तरले मी विचारलं, तुम्ही त पाहिलं नं? तो म्हनला, आम्ही पाहुने, गावाच्या भानगडीत कसं पडावं. मारोतीबाबा वळले अन् वस्तीकडं चालू लागले, अन् बाकीचे त्यांच्यामागं.

मंग यानं घरोघर जाऊन खरं सांगितलं. काहींना पटलं, काहींना नाही. मारोतीबाबांनी ऐकून घेतलं, पन आमच्या घरचा चहा ते मरेपर्यंत प्याले नाही. आता जया लग्नाची झाली. भुयार पाहाले मानसं येतात, वामनराव त्यांले आत घेऊन जाते, अन् श्रावणाच्या मशालीची गोष्ट सांगते म्हने. जयाचा बाप टेकडीकडं पाहात नाही.

मी मात्र एक शिकली. देव सोडले, उपास सोडले, ते सोडलेच. पन सोमवार कधी येते, ते मी आता दर आठवड्याले ध्यानात ठेवते.