आइस्क्रीमचे म्हणून सांगितलेले ग्लास

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नागपूरजवळ वाडीला, सासरच्या घरी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "सुजाता, तुझा दादा गेला वं," एवढंच ती बोलली. खालच्या रस्त्यावरून ट्रक जात होते, ते जातच राहिले. या गोष्टीला दीड महिना झाला. आदल्याच दिवशी मी यशवंतदादाला दवाखान्यात भेटून आले होते. त्याला पाणी द्यायला मी स्टीलचा ग्लास वरून, काठाला बोटं लावून उचलला. बोलायची ताकद नव्हती, तरी तो पुटपुटला, "तोंडाले हात नको लावू वं... तिथं पिणाऱ्याचे ओठ लागतात." मला हसू आलं आणि रागही आला. अशा वेळीही या माणसाला ग्लासचंच पडलेलं!

पण ग्लास हेच त्याचं काम होतं. नागपुरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये तो एकतीस वर्षं बारटेंडर होता. स्वतः मात्र थेंबही घेतला नाही. आमचं घर बौद्ध, रोज पंचशील म्हणणारं. पाचवं शील आलं, दारूपासून दूर राहण्याचं, की आईचा आवाज जरा चढायचा आणि दादाची मान खाली जायची. सुट्टीच्या दिवशी मात्र तो लिंबाचं सरबत करायचा आणि मला एकेक ग्लास धरायला शिकवायचा. लांब दांडीचा, पसरट तोंडाचा ग्लास असतो, त्यात बर्फ घालत नाहीत, पेयच आधी गारेगार केलेलं असतं. तो दांडीनंच धरायचा, हाताची ऊब वर पोचू द्यायची नाही. बुटका, जाड बुडाचा ग्लास बर्फाच्या मोठ्या खड्यांसाठी, तो खुशाल मुठीत घ्यावा. उंच आणि अरुंद ग्लास सोडा घातलेल्या पेयांचा, बुडबुडे टिकावेत म्हणून. ब्रँडीचा फुगीर पोटाचा ग्लास तेवढा तळहातावर घ्यायचा, कारण तिथं ऊबच हवी असते. "ग्लास पाहून हात ठरवाचा," असं तो म्हणायचा. मी डी.एड. करत होते, तेही त्याच्याच पगारावर.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्याला विचारलं, "दादा, तिकडं तुले हॉटेलात मॅनेजर सांगितलं तर चालन का?" तो ग्लास पुसत होता. पुसून झालेला ग्लास त्यानं पुन्हा पुसला. "सांग ना. त्यात काय आहे?" म्हणाला. लग्नात त्यानं मला दांडीचे सहा ग्लास दिले. सासूबाईंना मी सांगितलं, आइस्क्रीमचे आहेत.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला तो आमच्याकडे जेवायला आला आणि सासूबाईंनी कौतुकानं त्याच ग्लासांत गरम खीर वाढली. सगळ्यांची बोटं भाजली, एक ग्लास तडकला. दादा तेवढा दांडी धरून शांतपणे चमच्यानं खात होता. "काहून हो मॅनेजरसाहेब, तुमाले बरं जमते हे?" सासूबाई म्हणाल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहत बसले. "हॉटेलात पाहतो ना आई, लोक कसे धरतात ते," तो म्हणाला. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पुढे सासूबाई गेल्या, माझी मुलं मोठी झाली, तरी त्यांचा मामा मॅनेजरच राहिला. रिटायर झाला तेव्हा हॉटेलनं निरोपाचा कार्यक्रम केला. त्यालाही त्यानं मला बोलावलं नाही. "तिथं फोटो काढतीन, उगाच तुझ्या घरी कोणी पाहीन," म्हणाला... आणि मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

दादाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, बारमधले चार-पाच जण आले होते, मागच्या भिंतीला टेकून उभे होते. सूत्रसंचालकानं चिठ्ठी वाचली, 'माजी हॉटेल मॅनेजर.' त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी वहिनीला हळूच विचारलं, चिठ्ठी कोणी लिहिली. "त्यायनंच. दवाखान्यात," ती म्हणाली. "म्हणे, सुजीच्या सासरचे येतीन, बारचं नाव नका काढू." कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारलं गेलं. मी उठले नाही. लाज वाटत होती, पण या वेळी ती त्याची नव्हती.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. "अवं, तेव्हाच सांगतलं असतं तं काय झालं असतं?" तो म्हणाला. काहीच झालं नसतं, हेच तर सोसत नाही.

त्या सहातला एक ग्लास उरला आहे. परवा त्यात पाणी घेतलं, तर हात आपोआप दांडीवर गेला. दादालाही मी आयुष्यभर असंच लांबून धरलं. त्या दिवशी मागे उभे असलेले त्याचे सोबती हे वाचतील की नाही, ठाऊक नाही, पण त्यांच्यासमोर बोलायचं राहून गेलेलं इथं लिहिते. माझा भाऊ बारटेंडर होता. ग्लास आता मी बैठकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला आहे. कोणी विचारलं, तर आइस्क्रीमचा आहे असं सांगणार नाही.