कोरा राहिलेला चौकोन

स्टुटगार्टच्या एस-बान लोकलमध्ये सकाळी माझ्यासमोर एक आजोबा बसायचे. डोक्यावर रंग उडालेली बेसबॉलची टोपी, मांडीवर चौकोनांची वही. गावातल्या बेसबॉल क्लबच्या सामन्यातला प्रत्येक खेळाडू काय करतो, ते पेन्सिलीने तिच्यात टिपायचे आणि गाडीत जुनी पानं वाचत बसायचे. एक पान तर इतक्या वेळा उघडलेलं, की कडा मऊ पडल्या होत्या. त्यातला शेवटचा चौकोन कोराच होता.

एकदा न राहवून विचारलंच.

"प्लेऑफची फायनल. आम्ही एका धावेने पुढे, त्यांचा एकच गडी बाद करायचा राहिलेला. मला वाटलं, जिंकलोच. वही मिटली आणि सगळ्यांसाठी बिअर आणायला उठलो. तेवढ्यात मागे ओरडा झाला. त्यांनी चेंडू कुंपणाबाहेर मारला होता. त्यांचा एक खेळाडू आधीच बेसवर उभा होता, म्हणजे दोन धावा. हरलो."

मला हसू आलं. आमच्या घरी क्रिकेट चालू असताना जागेवरून हलायचं नाही. एकदा आत्या पाणी प्यायला उठली आणि विकेट पडली, ते बिचारीला अजून ऐकावं लागतं.

"आमच्याकडे सगळ्यांनी तुम्हालाच धरलं असतं," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "गेनाऊ, अगदी बरोबर! तसंच धरायला हवं होतं. पण इथे मला कुणी काही बोललंच नाही. म्हणे, तुमच्या उठण्याचा काय संबंध?"

मग बाबा आत्याला दटावतात तसा मी आवाज चढवला. "उठलातच कशाला तुम्ही? चुकलंच तुमचं!"

त्यांनी गुन्हेगारासारखी मान खाली घातली. मग खिशातून पेन्सिल काढली आणि तो चौकोन भरला.