घरचं मशीन

धुळ्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून लीलाधरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मधली भिंत पत्र्याची आहे. त्यामुळे त्याच्याकडचं मला आणि माझ्याकडचं त्याला सगळं ऐकू येतं, आणि न ऐकल्याचं सोंग आम्ही दोघांनीही कधी केलं नाही.

लीलाधर आधी टीव्ही दुरुस्त करायचा. मग टीव्ही पातळ झाले, बिघडले की लोक सरळ नवे आणू लागले, आणि हा कॉम्प्युटरकडे वळला. बंद पडलेलं मशीन समोर आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बंद पडायच्या आधी काय केलं होतं?" आणि उत्तरही ठरलेलं, "काहीच नाही." वकील असो, कारकून असो, कॉलेजचा पोरगा असो, कोणीच कधी काही केलेलं नसायचं. मशीन आपलं बसल्या जागी मेलेलं असायचं. मी पत्र्यापलीकडून हसायचो. एकदोनदा तर तोंडावर बोललोही, की साहेब, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार. गिऱ्हाईक गेल्यावर लीलाधर मला म्हणायचा, "रुपचंदभाऊ, आपण मशीन नीट करायचं. बिघडवलं कोणी ते शोधत बसलं तर माणूस दुखावतो आणि मशीन तसंच राहतं." मला त्याच्या या साधेपणाचा राग यायचा. पण गल्लीत कोणाचंही त्याच्याशी वाकडं नव्हतं, हे खरं.

त्याला एकच मुलगा, हितेंद्र. पोरगा इथल्याच एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा. दुकानातले जुने सुटे भाग गोळा करून त्याने घरी एक मशीन जुळवलं होतं आणि त्यात दोन सिस्टिम टाकल्या होत्या, बापासाठी विंडोज आणि स्वतःसाठी लिनक्स. मशीन चालू केलं की आधी काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, आणि तुम्हाला कोणाकडे जायचं ते विचारायची. "एका घरात दोन बिऱ्हाडं," असं लीलाधर कौतुकाने सांगायचा. बाप पोराच्या बिऱ्हाडात कधी डोकावला नाही. तिथे काय चालतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

होळीच्या आधी हितेंद्र गाडीवरून एरंडोलला काकाकडे निघाला आणि पारोळ्याच्या अलीकडे हायवेवर ट्रकखाली गेला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. फोनचासुद्धा चुरा झाला होता, एवढंच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

एरंडोलहून मोतीलालआबा आले. लीलाधरचे मोठे भाऊ. मयताच्या घरी आपण होऊन सूत्रं हातात घेणारा एक माणूस प्रत्येक भावकीत असतो, या भावकीत तो मान आबांचा. सुतक फिटल्यावर गंधमुक्तीच्या जेवणाला किती पानं, कोणाला निरोप, भटजी कोण, सगळं त्यांनी ठरवलं. शूटिंगवालाही बोलावला. आजकाल तेही करतात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा म्हणजे काय. पण आबांपुढे बोलणार कोण?

आबांनी आणखी एक सांगितलं. "मरेल मानुसनं घरमा काही ठेवू नही. जीव अटकस त्याना." सुमनबाईंनी, म्हणजे हितेंद्रच्या आईने, ते अक्षरशः पाळलं. कपडे दिले, चपला दिल्या, अंथरूण-पांघरूण दिलं, दाढीचं सामान आणि कंगवासुद्धा घरात ठेवला नाही. पोराचा जीव अडकू नये म्हणून ती बाई आपल्या हाताने घर रिकामं करत गेली. मशीन तेवढं राहिलं, कारण ते बापाचंही होतं. टेबलावर त्याच्यावर एक चादर टाकून ठेवली.

लीलाधर काही दिवसांनी दुकानात यायला लागला. काम करायचा, पण आता "आधी काय केलं होतं" असं विचारायचा नाही. गिऱ्हाईक सांगेल ते ऐकून मान हलवायचा.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. पहिलं वर्ष म्हणून घरी हितेंद्रच्या नावाने घागर भरली. त्यानंतर दोनतीन दिवसांत कामिनी नावाची मुलगी दुकानाचा पत्ता विचारत आली. हितेंद्रबरोबर क्लासमध्ये शिकवायची. खुर्चीच्या कडेवर बसून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "काका, हितेंद्रसरांनी अहिराणीत धडे रेकॉर्ड केले होते. खेड्यावरच्या पोरांना मराठीतलं पुस्तकी कॉम्प्युटर समजत नाही म्हणून. तुमच्याकडे असतीलच ना?"

लीलाधर म्हणाला, "कुठे?"

"घरच्या मशीनमध्ये. त्यांच्या लिनक्समध्ये. फोनवर नव्हते ठेवत, आवाज चांगला येत नाही म्हणायचे. पुरते झाल्यावरच सगळ्यांना ऐकवणार होते."

त्याने तेव्हाच शटर ओढलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून मशीन दुकानात आलं. सुमनबाईंनी ते मांडीवर धरून आणलं होतं. मी त्यांना माझ्याकडचं स्टूल दिलं. त्या बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "त्याना आवाज शे म्हनतस यामा. मले एकदाव ऐकू द्या." एवढंच मागणं होतं बाईचं. फोटो भिंतीवर होता, पण फोनचाही चुरा झाल्यामुळे आवाज कुठेच राहिलेला नव्हता.

लीलाधरने वायर लावल्या आणि बटण दाबलं. दोन नावांचा पडदा आलाच नाही. काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ उमटली, की असा भाग सापडत नाही. खाली नुसती लुकलुकणारी रेघ. मी असल्या ओळी त्याच्याकडे पुष्कळदा पाहिल्या होत्या आणि दर वेळी तो चहा गार व्हायच्या आत मशीन चालू करून द्यायचा. या वेळी तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"डिस्कवरचा त्याचा भाग कोणीतरी काढून टाकलाय," तो म्हणाला. "कोणाकडे जायचं ते विचारणारा प्रोग्रॅम त्याच्याच भागात राहायचा. तो गेला, म्हणून आता माझंही उघडत नाही."

सुमनबाई खाली बघत होत्या.

मी म्हटलं, निदान तुझं तरी चालू कर, मग बघू. तर तो माझ्यावरच चिडला. विंडोज चालू झालं की ते आपलं आपण डिस्कवर काहीबाही लिहितं, आणि आता एक अक्षरही लिहिलं जायला नको होतं. "पुसलं म्हणजे लगेच जात नाही, भाऊ. जागा मोकळी आहे, एवढीच नोंद होते. आतलं तसंच असतं. वर दुसरं काही लिहिलं, की मग जातं." त्याने डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली, आधी तिची जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतली आणि नकलेवर शोध सुरू केला. त्याचा तो चेहरा पाहून मला धीर आला होता. वाटलं, हा माणूस काढणार.

हितेंद्रच्या जागेवर कोणीतरी नवा भाग बनवला होता. लीलाधरने तो उघडला. आत भल्यामोठ्या व्हिडिओ फाइली होत्या. त्याने त्यातली पहिलीच लावली. पडद्यावर मोतीलालआबा दिसले, पांढरी टोपी घालून, कोणाला तरी पंगतीत बसवताना. मागे हितेंद्रचा हार घातलेला फोटो. शूटिंगवाल्याने खाली गाणं जोडलं होतं.

पोराच्या आवाजावर पोराच्याच गंधमुक्तीचं शूटिंग बसवलेलं होतं. 

हे करणारा एकच असू शकत होता, आबांचा मुलगा दीपक. शूटिंगचा पेनड्राइव्ह तोच घेऊन आला होता, आणि भाऊबंदांत कॉम्प्युटरचा कोर्स केलेलाही तोच. लीलाधरने त्याला फोन लावला. इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता, त्या दिवशी सगळ्या गल्लीने ऐकला. "तुले कोनी सांगं व्हतं हात लावाले? मन्हा पोऱ्यानं पुसाना तुले काय हक?" पलीकडून दीपक एवढंच म्हणत राहिला, "चुकनं काका मनं." कोणी सांगितलं, का केलं, काही बोलला नाही. शेवटी लीलाधर म्हणाला, परत माझ्या दारात पाय ठेवू नको. सुमनबाई स्टुलावरून उठल्या आणि रिक्षा न बघता चालतच घरी गेल्या.

आबांना अपमान वाटला. भावाभावांचं बोलणं तुटलं. दीपक थोड्याच दिवसांत सुरतेला कपड्याच्या मार्केटमध्ये कामाला निघून गेला. मागे एरंडोलला लोक काय काय बोलले असतील ते आपण समजू शकतो. भावाची शेवटची खूण पुसणारा पोरगा, म्हणून त्याला बोटं दाखवली गेली. मीसुद्धा त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

इकडे लीलाधरने दुसरं काही हातात घेणं सोडलं. लोकांची मशीनं भिंतीला लागून साचली. गिऱ्हाईकं मला येऊन विचारायची, मी खोटं सांगून थकलो. दुपारी सुमनबाई डबा घेऊन यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "सापडनं का काही?" तो म्हणायचा, "देखी ऱ्हायनू." फाइलींची नावं सापडत होती. पहिला धडा, दुसरा धडा, 'चालू नही व्हस', 'पासवर्ड इसरनात'. लावलं की नुसती खरखर. पाऊस सुरू होऊन पेरण्या झाल्या तरी हे चाललं होतं. मी एकदा रागाने म्हणालो, अरे, पुरे कर आता, उरलेला तू तरी जग. त्याने पुढची फाइल लावली.

आणि मग एका दुपारी डबा उघडून ठेवलेला असताना एक फाइल लागली. मी धावत पलीकडे गेलो. सुमनबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या छोट्या स्पीकरमधून हितेंद्र बोलत होता, अगदी ओट्यावर बसून बोलावं तसा.

"राम राम मंडळी. आज आपुन देखसूत, कम्प्युटर चालू नही व्हस तं काय करानं. पहिली गोट, घाबरानं नही. आपला हातथून काही मोडी जास असं समजानं नही..."

पुढे खरखर. लीलाधरने पुढे सरकवून पाहिलं, शेवटपर्यंत खरखरच. "इथून पुढे शूटिंग बसलंय," तो म्हणाला. "यापलीकडे काही निघणार नाही. सगळं शोधून झालं."

सुमनबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. ऐकलं. पुन्हा सांगितलं. मग त्या खाली फरशीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "दीपकले कसाले दोष देतस तुम्ही? मीच सांगं व्हतं त्याले. तो शूटिंग लिसन उना तव्हय मीच म्हने, यामातलं हितेंद्रनं समदं काढी टाक नि हाई ठेव तठे. मशीनमाबी त्याना जीव अटकाले नको. मले काय ठाऊक, त्याना आवाज शे म्हनीसन."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो किंवा हिच्या अंगावर धावतो. लीलाधरने डब्याचं झाकण लावलं.

"मले ठाऊक शे," तो म्हणाला. "तव्हय मी ओसरीमा पडेल व्हतू. ऐकं मी."

"मंग दीपकले..."

"तुनावर राग धरतू, तं घरमा कोनासंगे बोलतू मी?"

त्या बाईने जमिनीवर कपाळ टेकलं. मला दोघांची दया आली आणि दोघांचा संतापही आला, आणि संताप जास्त होता, म्हणून मी बोललो. म्हटलं, तुमचं दोघांचं ठीक आहे. त्या पोराचं काय? काकूचं नाव येऊ नये म्हणून तो गप्प राहिला, काकाच्या आणि गावाच्या शिव्या खाल्ल्या, गाव सोडून गेला. त्याने काय केलं होतं? मोठ्यांनी सांगितलेलं ऐकलं.

 लीलाधरने खिशातून फोन काढून दीपकला लावला. पूर्ण रिंग वाजली. पुन्हा लावला, तिकडून कापला गेला. तेव्हा सुमनबाईंनी आपला फोन पुढे केला. त्यांच्या फोनवरून लगेच लागला.

"बोला काकू. जेवन झायं का?"

 सुमनबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"दीपक," लीलाधर म्हणाला.

पलीकडे मार्केटचा गलका थोडा वेळ ऐकू आला, कोणीतरी गठ्ठा उचलायला हाक मारत होतं. मग फोन बंद झाला. लीलाधरने परत लावला, तर लागत नव्हता. त्यानंतर त्या नंबरावर सुमनबाईंचाही फोन कधी लागला नाही.